धोट्याचा दोरा

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात, पुस्तकांच्या रांगेपुढे, एक जुना धोटा ठेवलेला आहे. लाकडी, दीडेक वीत लांबीचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या आणि मधल्या पोकळीत कांडी बसवायची जागा. वर्षानुवर्षे हात लागून लाकूड गुळगुळीत झाले आहे. आमचे आजोबा, ज्यांना घरात सारे आबा म्हणत, परळच्या एका गिरणीत चाळीस वर्षे साचा चालवीत. साचा म्हणजे माग. गिरणगावात मागाला कोणी माग म्हणत नसे. काम सुटले तेव्हा मोडीत निघालेला हा धोटा त्यांनी मागून आणला. घरी पाहुणे आले की तो कपाटातून बाहेर निघे आणि त्याच्यामागून १९२८चा सहा महिन्यांचा संप, १९३४चा संप आणि आबांनी खाल्लेल्या लाठ्यांची गोष्ट निघे. आमच्या घराण्याला न किल्ला होता न वतन. होता तो हा धोटा.

पुढे आम्ही मराठीचे अध्यापक झालो. उपनगरातल्या एका महाविद्यालयात कामगार साहित्यावरची अभ्यासपत्रिका अनेक वर्षे आमच्याकडे होती. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ची, म्हणजे ऐन मंदीतली. तिच्याविषयी बोलायच्या दिवशी आम्ही घरचा धोटा वर्गात नेत असू. ज्या मुलांनी गिरणीचा भोंगा ऐकलेला नाही, त्यांच्या हाती निदान एक वस्तू पडावी, एवढाच हेतू. धोटा बाकांवरून फिरे, मुले कुतूहलाने पाहत आणि तास रंगे.

एका वर्षी तो फिरत फिरत शेवटच्या बाकावर गेला. तिथल्या मुलाने तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, ह्याला तोंड कुठं लावायचे?" आम्ही जवळ जाऊन बाजूचे बारीक छिद्र दाखवले. कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी घाली, दोऱ्याचे टोक छिद्रापाशी आणी आणि तोंडाने ओढून दोरा बाहेर काढी. दिवसभरात असे कितीदा तरी. मुलगा म्हणाला, "माझे पणजोबा इथंच होते, सूतखात्यात. घरी सांगतात, साच्यावर कधी जाऊ दिलं नाही." त्याने धोटा बाकावर ठेवला. एवढेच. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माहिती द्यावी तसे तो बोलला होता. तास संपला. धोटा पिशवीत घालून आम्ही लोकलने घरी आलो, आणि त्यानंतर पुन्हा तो वर्गात नेला नाही.

या लेखाचा विषय मंदी हा आहे. धोट्यापासून सुरुवात केली, कारण मंदी मजुरांवर कशी उतरते हे आम्हांला अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा त्या छिद्रातून अधिक नीट दिसले.

जागतिक मंदी म्हटली की सन १९२९, ऑक्टोबर महिना आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजार ही तीन नावे आपल्या जिभेवर असतात. मुंबईच्या गिरण्यांना मात्र मंदीची बाधा त्याआधीच झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षे भरमसाट नफा झाला. १९२३पासून तो आटू लागला. जपानी कापड स्वस्तात बंदरात उतरत होते. १९२७च्या कायद्याने रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा चढा बांधला गेला आणि परदेशी माल आणखी स्वस्त झाला. मालकांनी पहिला इलाज केला तो मजुरीवर. १९२५मध्ये साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली, संप झाला, आणि सरकारने देशी कापडावरची अबकारी जकात स्थगित केल्यावर ती कपात मागे घ्यावी लागली. मग दुसरा इलाज आला. त्याचे इंग्रजी नाव रॅशनलायझेशन. कामगारांच्या भाषेत, दोन साच्यांऐवजी तीन साचे. सूतखात्यातही एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. काम वाढणार आणि माणसे कमी होणार, असा तो हिशेब. त्याविरुद्ध १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली.

त्यानंतर जगाची मंदी आली आणि ती खेड्यातूनही आली. १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर उतरले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच राहिले. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव वाढला आणि घराघरांतले सोने बाजारात येऊन जहाजांनी परदेशी गेले. अर्थशास्त्री त्याला सुवर्णनिर्यात म्हणतात. आमच्या आजीच्या बोलण्यात त्याचे नाव 'सासूबाईंच्या पाटल्या' असे होते. आजवर मुंबईतून गावी मनिऑर्डर जाई. आता गावाकडूनच माणसे मुंबईला येऊ लागली, ती नेमकी गिरण्यांत पाळ्या कमी होत असताना. दाराशी रोज सकाळी बदलीवाल्यांची गर्दी. आत कोण जाणार हे ठरवणार जॉबर. त्याने बोट दाखवले तर दिवसाची मजुरी, नाहीतर परत चाळीत.

मंदीविषयी बोलताना आपण 'बेकारी वाढली' असे मोघम म्हणतो. बेकारी पावसासारखी सर्वांवर सारखी पडत नाही. ती उतारावरून वाहत जाते आणि उतार आधीच पाडलेला असतो. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस आधी घेई. बायकांचेच पाहा. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या आणि रहाटाच्या खात्यांत. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. तो व्हावा म्हणून डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. कायदा चांगला होता, पण तो मंदीच्या तोंडावर आला. काम कमी करायचे ठरले तेव्हा बाई महाग आहे हे कारण हाताशी होतेच, आणि बाईची मजुरी म्हणजे घरखर्चाला जोड, असे तिच्या शेजारी काम करणारे पुरुषही मानीत. पुढच्या दोन दशकांत गिरणीतील बायकांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यांच्यासाठी एकही सार्वत्रिक संप झाला नाही.

आता धोट्याकडे परत येतो. साचाखात्यातली मजुरी सूतखात्यापेक्षा बरीच अधिक होती. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. गिरणीमालकांच्या कोणत्याही नियमात तसे लिहिलेले नव्हते. ती बंदी साच्यावरच्या कामगारांनीच राखलेली होती. कारण तेच, तोंडाने दोरा ओढणे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार. पाण्याचे पिंपही वेगळे होते. १९२८च्या संपात ही बंदी उठवावी ही मागणी डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे ठेवली. ती मागण्यांच्या यादीत घातली नाही तर आपण आपल्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगू, असे त्यांना बजावावे लागले, तेव्हा ती नाइलाजाने घेतली गेली. पुढे फॉसेट समितीपुढे ती आली तेव्हा मालकपक्षाला हसू फुटले. हा अन्याय असेल तर तो आमच्याकडून झालेला नाही, असे त्यांनी सांगितले. हा प्रसंग धनंजय कीर यांच्या आंबेडकरचरित्रात आहे. आम्ही तो विद्यार्थिदशेत वाचला होता. वाचून पान उलटले होते. त्या पानावरच्या 'विणकरां'मध्ये आपले आबा आहेत हे तेव्हा मनात आले नाही.

मालकांचे ते हसणे अगदी खरे होते, म्हणून ते अधिक लागते. त्यांनी एक अक्षरही खोटे सांगितले नाही. कामगारांनी स्वतःच पाडलेली फट त्यांनी बोटाने दाखवली. १९२९च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. त्यावरून त्यांना पुष्कळ बोल लागले आणि आजही काही अभ्यासक लावतात. आधीच्या सहा महिन्यांच्या संपात कर्जात बुडालेले, कमी मजुरीच्या खात्यात अडकलेले आणि संप जिंकला तरी साच्यावर जाऊ न शकणारे लोक पुन्हा उपाशी कशासाठी राहणार होते, हा प्रश्न त्या बोलांत आम्हांला सापडत नाही. १९२९चा संप फसला. मीरत खटल्यासाठी पुढारी मार्चमध्येच पकडले गेले होते. युनियन खिळखिळी झाली. त्यानंतरच्या मंदीत मजुरी कापली गेली तेव्हा ती थोपवायला १९३४पर्यंत मोठा संप उभा राहिला नाही, आणि तोही दोनएक महिन्यांत मोडला.

आबांशी आम्ही याविषयी एकदाच बोललो. ते साल १९८३ असावे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप, जो १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, तो कोणी मागे न घेता विरत चालला होता. वडील घरी बसून होते. आम्ही एम.ए.च्या वर्गात होतो, नुकतीच दलित साहित्याची पुस्तके वाचू लागलो होतो आणि त्या वयाच्या उर्मटपणाने आबांना विचारले, "तुमच्या खात्यात त्यांना का घेत नव्हता?" आबांनी आधी ऐकू न आल्यासारखे केले. मग म्हणाले, "आरं, धोट्याला तोंड लावाय लागायचं. एकाची थुकी दुसऱ्याच्या तोंडात. कसं जमायचं?" आम्ही म्हटले, "मग तुमच्यातल्या तुमच्यात जमत होतं ते?" ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "मंदीत तीन सालं बदलीवर काढली म्या. दारात पाचशे माणूस उभं असायचं. त्यातली निम्मी साच्यावर येऊच शकत न्हाईत, ह्येच्यावर आमचं पोट व्हतं. आता तू शिकल्याला हाईस, तूच काय ते म्हण."

त्यानंतरच्या वर्षी ते गेले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे आम्हीही जात म्हणजे अज्ञान, जुनाट समजूत, शिक्षणाने नाहीशी होणारी गोष्ट असे मानीत होतो. आबा विटाळापासून सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला पोटावर येऊन थांबले होते. विटाळ खोटा होता असे ते म्हणाले नाहीत. पण त्याचा भाव काय होता ते त्यांनी सांगून टाकले. चांगल्या दिवसांत जी चाल केवळ सवयीने चालते, तिचे मंदीत कुंपण होते, आणि कुंपणाच्या आत असलेला माणूस ते पाडायला कधीच पहिला पुढे येत नाही.

दुसरे कुंपण धर्माचे. १९२८च्या डिसेंबरात शिवडीकडच्या तेल कंपन्यांत संप झाला आणि संपकऱ्यांच्या जागी पठाण भरती करण्यात आले. गिरणगावाला पठाण परका नव्हता. महिनाअखेरीस चाळीच्या तोंडाशी काठी घेऊन व्याजासाठी उभा राहणारा पठाण सर्वांना ठाऊक होता. सावकार आणि संपफोड्या या दोन भीती एका चेहऱ्यात मिसळल्या. फेब्रुवारी १९२९मध्ये अफवा उठली की पठाण मुले पळवतात आणि बडोदे संस्थानातल्या पुलाच्या पायात बळी द्यायला नेतात. चौकशी करायला कोणी थांबले नाही. पठाणांवर हल्ले झाले, त्यांनी उलट हल्ले केले, आणि बघता बघता दंगल हिंदू-मुसलमानांची झाली. शंभराहून अधिक माणसे मेली. मे १९३२मध्ये पुन्हा मोठा दंगा पेटला. त्यात दोनशेहून अधिक बळी गेले. या दंगलींमागे राजकारणाची कारणे होती आणि ती येथे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे लक्ष वेधून घेते ती अफवा. व्याजाचा दर, तेल कंपनीची भरती, मजुरांच्या जागी मजूर आणण्याची युक्ती या गोष्टी आकड्यांच्या आहेत. त्यांच्यावर दगड मारता येत नाही. मुले पळवणारा माणूस मात्र गल्लीत दिसतो. मदनपुऱ्यातले उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर आबांसारखेच साचे चालवीत आणि आबांसारखेच पठाणाचे देणे लागत. दंगलीत त्यांच्याकडे विणकर म्हणून कोण पाहणार होते?

हे मुंबईचेच वैशिष्ट्य होते असे नाही. आमच्या पिढीच्या शिक्षकांना मंदीची कादंबरी म्हटली की जॉन स्टाइनबेकची १९३९ची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आठवते. ओक्लाहोमातून उखडलेले शेतकरी कुटुंब मोडक्या गाडीतून कॅलिफोर्नियाला जाते, आणि वाचकाचे काळीज हलते. ज्या शेतांत ते काम शोधीत गेले, तिथे त्यांच्याआधी मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर राबत होते. मंदी येताच, काम अमेरिकनांना मिळाले पाहिजे या घोषणेखाली, तिसाच्या दशकात लाखो मेक्सिकनांना सीमेपलीकडे घालवण्यात आले. त्यांतले कित्येक जण जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. काळ्या मजुरांची गत तर तिथल्या एका वाक्प्रचारातच नोंदली गेली: कामावर घेताना सर्वांत शेवटी, काढताना सर्वांत आधी. स्टाइनबेकच्या थोरवीला त्यामुळे उणेपणा येत नाही. प्रश्न आमच्या शिकवण्याचा आहे. मंदीचे दुःख शिकवताना आम्ही एकच गाडी रस्त्यावर सोडली होती, आणि मराठीतही तेच केले होते.

मराठीतली दुसरी वाट पाहायची तर अण्णा भाऊ साठे यांच्याकडे जावे लागते. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९३१-३२च्या सुमारास, म्हणजे मंदी ऐन भरात असताना, ते कुटुंब तिथून पायी मुंबईला आले. आबाही साताऱ्याकडचेच, त्यांच्याआधी सातआठ वर्षे आलेले. आबांना गावचा एक जॉबर भेटला आणि त्याने साच्यावर नेले. अण्णा भाऊंच्या वाट्याला कोळसे वेचणे, फेरीवाल्यांची ओझी वाहणे आणि गिरणीतली हलकी कामे आली. एकाच जिल्ह्यातून एकाच शहरात आलेल्या दोन मुलांच्या नशिबांतला हा फरक हुशारीचा नव्हता. हुशारीत आबा त्यांच्या पासंगालाही पुरले नसते. पण याच गिरणगावाने दुसरेही काही केले आहे, तेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षांत, १९२६च्या सुमारास, रस्त्यावर सापडलेले एक तान्हे मूल एका गिरणी कामगार दांपत्याने उचलून घरी नेले. त्याची जात कोणाला ठाऊक नव्हती. त्याला त्यांनी आपले आडनाव दिले आणि मराठीला नारायण सुर्वे मिळाले. पुढे १९४४च्या सुमारास लालबावटा कलापथकाच्या मंचावर अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर एकत्र उभे राहिले, तेव्हा गिरणगाव त्यांच्यासमोर रात्र रात्र बसले. गाण्याला जे साधले ते साचाखात्याला का साधले नसावे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही बरीच वर्षे शोधतो आहोत. मंचावर दुसऱ्याला जागा दिली तर ऐकणाऱ्याची रोजी जात नाही, एवढे एक उत्तर सापडते, आणि ते फारसे सुखावणारे नाही.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, म्हणजे तो कामगार आहे. तरीही ती कथा आम्ही कामगार साहित्याच्या पत्रिकेत कधी शिकवली नाही. ती दलित साहित्याच्या पत्रिकेत होती. ती पत्रिका दुसरे अध्यापक शिकवीत, दुसऱ्या दिवशी, पुष्कळदा त्याच वर्गखोलीत. कामगार साहित्यात भूक, संप आणि मालक. दलित साहित्यात पाणवठा, वस्ती आणि जात. ही वाटणी कोणी कट करून केलेली नाही. सोयीसाठी झाली आणि सवयीने टिकली. तरी शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने धोटा खाली ठेवला तेव्हा आमच्या लक्षात आले की गिरणीतली दोन खाती आम्ही विद्यापीठात जशीच्या तशी आणली होती. साचाखाते वेगळे, सूतखाते वेगळे, आणि आम्ही साचाखात्याचे जॉबर.

आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एका बाजूला उभे होते. दहा वर्षांपूर्वी नाइलाजाने यादीत घातलेली मागणी ज्यांनी केली होती, ते आता संपाच्या पुढाऱ्यांत होते. हे घडू शकत होते. ते फार थोडे दिवस घडले, आणि मंदीची सर्वांत वाईट वर्षे सरल्यावर घडले. माणसे सर्वांत अधिक एकत्र यायला हवी होती त्या वर्षांत ती दारापाशी एकमेकांना रेटीत होती. मंदी शत्रुत्व निर्माण करते असे म्हणतात. आम्हांला वाटते, तेवढे कष्ट तिला पडत नाहीत. आधीच्या बऱ्या दिवसांत आपण ज्या फटी बुजवायच्या राहू दिल्या, त्यांत ती फक्त पाणी सोडते.

असो. इतिहासातल्या माणसांचा न्याय करणे सोपे असते. म्हणून एक गोष्ट अलीकडची, आमची स्वतःची.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली. त्यानंतरच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न, पहिल्या अंदाजानुसार, जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले. तिसाच्या दशकातल्या मंदीची आठवण काढावी अशीच ही घट होती. शहरांतले मजूर चालत गावी निघाले, म्हणजे मुंबईची वाट उलटी वाहू लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ती बातमी वाचून आम्ही दिवसभर अस्वस्थ होतो. एका मित्राला त्यावर दीर्घ पत्रही लिहिले. पण त्याआधी महिनाभर आमच्या गल्लीत एक गोष्ट घडली होती आणि तिच्याविषयी आम्ही कोणाला काही लिहिले नव्हते. बारातेरा वर्षे हातगाडीवरून भाजी आणणाऱ्या माणसाला इमारतीच्या फाटकाशी एकाने नाव विचारले. रोग कोण पसरवतो याच्या चित्रफिती तेव्हा घरोघर फिरत होत्या. पुलाच्या पायात मुले पुरणाऱ्या पठाणाची ती नवी आवृत्ती होती. भाजीवाल्याने नाव सांगितले. "उद्यापासून येऊ नका," असे त्याला सांगण्यात आले, आणि तेही 'अहो-जाहो' करून, सभ्यपणे. आम्ही वरच्या गॅलरीत उभे होतो. त्याने मान वर करून पाहिले. तो आम्हांला 'मास्तर' म्हणत असे. उधारी कधी मागत नसे. आम्ही आत गेलो.

त्या वेळी आमचे पोट कशावर होते? निवृत्तिवेतन वेळेवर येत होते, साचा हातचा जाण्याची भीती नव्हती, दारात पाचशे माणसे उभी नव्हती. आबांना निदान एक कारण होते, आणि ते त्यांनी विचारल्यावर सांगितले. आम्हांला कोणी विचारलेही नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच जागी दुसरी गाडी उभी राहू लागली. भाजी बरी असे. आम्ही घेत असू.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही त्याची चौकशी केली. तो गावी गेला, असे कोणी म्हणाले. कोणी म्हणाले, दोन स्थानके पलीकडे गाडी लावतो. एका रविवारी आम्ही तिथे जाऊन पाहिले. तो नव्हता.

शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आता एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी एका चर्चासत्रात भेटला. त्याने आपल्या अभ्यासपत्रिकेत बागुल, सुर्वे, अण्णा भाऊ आणि वरेरकर एकाच घटकात ठेवले आहेत. म्हणाला, "सर, तो धोटा अजून आहे का? वर्गात दाखवायला हवा होता." आम्ही म्हटले, आहे. तो नेण्यासाठी कधी येणार हे त्याने सांगितलेले नाही. आम्ही धोटा कपाटातून काढून, पुसून, टेबलावर ठेवला आहे. छिद्रात कुठल्याशा जुन्या कांडीचा बोटभर दोरा अडकलेला आहे. तो आम्ही काढलेला नाही.